‘कागदपत्रांसह’ मोटरहोम: एका बांधणी कारखान्याच्या मान्यता-सेवेचा आढावा

मोकळी व्हॅन विकत घेऊन तिचे मनासारखे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, बांधून घ्यायचे ठरले, तेव्हा कारखाना निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: लाकूडकाम, आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय आणि ‘बांधणी, तपासणी, नोंदणी सर्व आमच्याकडे’ हे आश्वासन. या तिसऱ्या गोष्टीसाठी इतर दोन कारखान्यांपेक्षा जास्त पैसे मोजले. पाच महिन्यांत मिळायची गाडी अकराव्या महिन्यात रस्त्यावर आली. वाढलेल्या सहा महिन्यांपैकी सुतार, वायरमन आणि रंगारी यांच्या वाट्याला जेमतेम तीन आठवडे येतील. बाकीचा सगळा काळ कागदांत गेला. लाकूडकामाबद्दल माझी तक्रार नाही, म्हणून त्याविषयी येथे फारसे लिहीत नाही. हा आढावा त्या तिसऱ्या आश्वासनाचा आहे. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण झालेल्या चुका या धंद्यात सर्रास होतात आणि नाव वाचून एकाला टाळणारा माणूस दुसऱ्याकडे जाऊन त्याच चुका विकत घेईल.

आमच्या गाडीची तपासणी युरोपीय नियमांच्या चौकटीत झाली, त्यामुळे पुढचे बहुतेक आकडे त्या चौकटीतले आहेत. इतर देशांचे नियम जेथे वेगळे आहेत तेथे तसे लिहिले आहे.

पहिला प्रश्न असा की कायद्याच्या दृष्टीने मोटरहोम म्हणजे काय. पलंग टाकला आणि चूल ठेवली म्हणून व्हॅनचे मोटरहोम होत नाही. युरोपीय संघाच्या २०१८/८५८ या नियमावलीत मोटर कॅरव्हॅन (मोटरहोमचे कायद्यातले नाव) हे विशेष उद्देशाचे वाहन मानले जाते आणि त्यात किमान चार सोयी असाव्या लागतात: बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय. या सोयी गाडीला पक्क्या जोडलेल्या असाव्यात अशी अट आहे. टेबल तेवढे काढता येण्यासारखे चालते. अमेरिकेतील व्याख्या निराळ्या पद्धतीची आहे. तेथे स्वयंपाक, शीतपेटी, शौचालय, तापवण्याची किंवा गार करण्याची व्यवस्था, नळ व सिंकसह पिण्याचे पाणी, आणि स्वतंत्र वीजपुरवठा किंवा गॅस अशा सहा सोयींपैकी किमान चार असल्या पाहिजेत. ब्रिटनमध्ये तर आतली रचना पुरेशी नसते. बाहेरून पाहणाऱ्यालाही ती गाडी मोटर कॅरव्हॅन वाटली पाहिजे, म्हणून तेथील नोंदणी यंत्रणा एका बाजूला किमान दोन खिडक्या, राहण्याच्या भागाला स्वतंत्र दार, दोन्ही बाजूंना त्या धाटणीची चित्रपट्टी, ऑनिंगची (बाजूला ओढून काढायच्या कापडी छपराची) दांडी आणि उंच छत अशी लक्षणे पाहते. वर उचलले जाणारे छत त्यात उंच छत म्हणून धरले जात नाही. ही लक्षणे नसली तर आत पंचतारांकित खोली असली तरी कागदावर ती ‘खिडक्यांची व्हॅन’ राहते. चित्रपट्टी चिकटवून वाहनाचा प्रकार ठरावा हे मला आजही थोडे हास्यास्पद वाटते, पण अपघाताच्या किंवा गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना रस्त्यावर दिसलेली गाडी आणि नोंदीतला प्रकार जुळावा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे.

या पहिल्या टप्प्यात कारखान्याने चोख काम केले. आम्हाला शेगडी खणात सरकवता येणारी आणि हवी तेव्हा बाहेर अंगणात नेता येणारी हवी होती. त्यांच्या आरेखकाने आराखड्यावर तांबडी खूण करून सांगितले की उचलून नेता येणारी शेगडी ‘पक्की जोडलेली’ या अटीत बसणार नाही. तिला जागेवर बोल्ट लावावे लागतील. टेबलाच्या पायासाठी जमिनीत बसवायची खोबण त्याने स्वतःहून काढून दिली. हा अर्ध्या तासाचा सल्ला आमचे निदान दोन महिने वाचवणारा होता. कारखान्याला मी पूर्ण गुण देतो असा हा जवळजवळ शेवटचा प्रसंग.

कारखान्याच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘मान्यताप्राप्त’ असे छापलेले होते. आम्ही त्याचा अर्थ असा घेतला की कारखान्याला मान्यता आहे, म्हणून येथे तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीला मान्यता आहे. तसे नसते. एका कारखान्यात तयार झालेली मूळ व्हॅन दुसऱ्या कारखान्यात पूर्ण होते, तेव्हा तिची मान्यता टप्प्याटप्प्याने होते. मूळ उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र (गाडी मान्य नमुन्याबरहुकूम आहे असा दाखला) पहिल्या टप्प्याचे, बांधणी करणाऱ्याचे दुसऱ्या टप्प्याचे. हे दुसरे प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यापुरते असते: अमुक मूळ व्हॅन, अमुक आसने, अमुक वजनाच्या मर्यादा. आमच्या कारखान्याकडे त्यांच्या दोन तयार आराखड्यांची अशी मान्यता होती. आम्ही मागचा पलंग आडवा केला आणि प्रवासाची चौथी जागा वाढवली, त्या क्षणी आमची गाडी त्या नमुन्याबाहेर पडली. मग उरला एकट्या वाहनाच्या मान्यतेचा मार्ग, ज्यात तपासनीस तीच एक गाडी, तिचीच कागदपत्रे आणि तिचीच मोजमापे पाहतो. हा मार्ग वाईट नाही. हौसेने बांधलेली बहुतेक मोटरहोम याच मार्गाने जातात. तक्रार एवढीच की हा फरक आम्हाला अनामत रक्कम भरल्यानंतर सातव्या आठवड्यात, तोही एका पत्राच्या तळटिपेत कळवण्यात आला. ‘कस्टम’ हा शब्द विकणाऱ्याने पहिल्याच बैठकीत सांगितले पाहिजे की आराखड्यातल्या कोणत्या बदलाने गाडी नमुन्याबाहेर जाते.

आता वजनाकडे येतो, कारण आमचे अर्ध्याहून अधिक दुखणे तेथे होते. आमच्या व्हॅनचे कमाल अनुज्ञेय वजन ३५०० किलो. हा आकडा योगायोगाने पडलेला नाही. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येणाऱ्या वाहनांची मर्यादा वर्षानुवर्षे हीच राहिल्यामुळे मोटरहोमचा सारा बाजार या एका आकड्याच्या आत बसण्यासाठी पोट आत ओढून उभा आहे. कागदावरचे ‘चालू स्थितीतील वजन’ मोजताना चालकाचे ७५ किलो आणि नव्वद टक्के भरलेली इंधनाची टाकी धरतात. प्रवासी त्यावर, प्रत्येकी ७५ किलो. त्याखेरीज सामानासाठी किमान किती किलो शिल्लक असलेच पाहिजेत याचे सूत्र आहे: चालकासह एकूण माणसे आणि गाडीची मीटरमधील लांबी यांची बेरीज करून तिला दहाने गुणायचे. सहा मीटर लांबीच्या आणि चार माणसांच्या आमच्या गाडीसाठी ते १०० किलो होतात. चार माणसांचे कपडे, भांडी, अंथरुणे, खुर्च्या आणि धान्य मिळून शंभर किलो म्हणजे काहीच नव्हे, हे संसार केलेला कोणीही सांगेल. पण कायद्याची ही किमान पायरी आहे, सोयीची नव्हे.

कारखान्याच्या वजनाच्या तक्त्यात चालू स्थितीतील वजन २८३० किलो लिहिले होते. प्रत्यक्षात ते २९६० भरले. हे १३० किलो कोठून आले याचा शोध घेताना मी तक्त्यातील ओळी एकेक करून वाचल्या आणि उत्तर प्लायवूडच्या ओळीत सापडले. तक्ता १५ मिलिमीटरच्या पॉप्लर प्लायने केलेला होता. त्याचा एक चौरस मीटर सुमारे पावणेसात किलोचा भरतो. कारखान्यात त्या आठवड्यात शिल्लक होता तो १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय, चौरस मीटरला सुमारे बारा किलोचा. कपाटे, पलंगाची चौकट आणि मधल्या भिंती मिळून जवळपास वीस चौरस मीटर. म्हणजे फक्त फळ्यांच्या बदलाने शंभरावर किलो वाढले. सुताराच्या दृष्टीने त्याने आम्हाला अधिक चांगला माल दिला होता, आणि तसे त्याने अभिमानाने सांगितलेही. तक्ता मात्र कोणी बदलला नव्हता.

तरीही एकूण वजन मर्यादेत होते. दगा दिला तो मागच्या आसाने, म्हणजे ॲक्सलने. नियम केवळ एकूण वजनाचा नसतो. प्रत्येक आसाची स्वतंत्र मर्यादा मूळ उत्पादकाच्या पाटीवर छापलेली असते, आणि आमच्या मागच्या आसाची मर्यादा होती २००० किलो. तपासणीच्या आदल्या दिवशी मी पाण्याची टाकी भरून, सामान चढवून आणि चौघांना बसवून गाडी वजनकाट्यावर नेली. काट्यावरचा माणूस अशा गाड्यांना सरावलेला असावा. त्याने आधी पुढची चाके घ्यायला लावली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. खिडकीतून आलेल्या चिठ्ठीवर पुढे १३४०, मागे २०६० आणि एकूण ३४०० असे आकडे होते. एकूण शंभर किलो शिल्लक आणि मागे साठ किलो जास्त. मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली की ती उतरली तर चालेल का. तिचे वजन चाळीस.

हे कसे झाले ते समजायला शाळेतली तरफ पुरते. दोन्ही आसांमधले अंतर चार मीटर. शंभर लिटरची पाण्याची टाकी मागच्या आसाच्याही मागे, सत्तर सेंटिमीटरवर बसवलेली. त्यामुळे टाकीतले शंभर किलो मागच्या आसावर शंभर न राहता सुमारे ११८ होतात आणि पुढचा आस तेवढ्या प्रमाणात, म्हणजे अठरा किलोंनी, हलका होतो. तीच टाकी मागच्या आसाच्या एक मीटर पुढे असती तर मागे फक्त ७५ किलो आले असते. चाळीस किलोच्या बॅटऱ्याही त्याच कोपऱ्यात होत्या, कारण वायरी तेथून आखूड पडत होत्या. शेवटी कारखान्याने टाकी पुढे घेतली आणि बॅटऱ्या चालकाच्या शेजारच्या आसनाखाली नेल्या. दुसऱ्या फेरीत काट्याने मागे १९८० आणि पुढे १४२० दाखवले. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. पण एक तयार पलंग उकलून पुन्हा बांधावा लागला आणि तपासणीची तारीख पाच आठवड्यांनी पुढे गेली. आराखड्याच्या वेळीच दहा मिनिटांचा गुणाकार केला असता तर हे टळले असते.

तपासणीच्या दिवशी वजन बिनबोभाट पार पडले आणि आम्ही बाकावर अडलो. प्रवासात बसायच्या प्रत्येक जागेला पट्टा लागतो आणि पट्ट्याच्या जोडबिंदूंनी किती ओढ सोसली पाहिजे हे संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या नियमात ठरलेले आहे. मोटारीच्या वर्गातील तीन बिंदूंच्या पट्ट्यासाठी वरच्या आणि खालच्या भागावर प्रत्येकी सुमारे १३.५ किलोन्यूटन (जवळपास १.४ टन वजनाइतकी ओढ), आणि पट्टा आसनाच्याच चौकटीला जोडलेला असेल तर आसनाच्या वजनाच्या वीस पट ओढ आणखी. साठ किलोच्या दोनजणी बाकाला हे सगळे एकाच वेळी लागते, म्हणजे जमिनीला सहा टनांहून अधिक ओढ बसते. कोणताही तपासनीस समोरच्या गाडीचा बाक सहा टनांनी ओढून पाहत नाही. त्यात गाडीच जाईल. तो त्या ओढीचा चाचणी अहवाल मागतो आणि अहवालातला बाक, त्याखालची पट्टी, बोल्टांची संख्या व जाडी आणि मूळ गाडीचा प्रकार समोरच्या गाडीशी जुळतो का ते पाहतो.

कारखान्याने दिलेला अहवाल खरा होता, शिक्क्याचा होता, चौदा पानांचा होता. तपासनिसाने तो शांतपणे वाचला, गाडीखाली आडवा झाला, विजेरीचा झोत टाकला आणि बाहेर येऊन दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. बाक तोच होता. पण चाचणी दुसऱ्याच उत्पादकाच्या व्हॅनच्या जमिनीवर झालेली होती. आमच्या गाडीत त्या जागी आडवी तुळई नव्हती. बाकाचे दोन बोल्ट सरळ पत्र्यातून जात होते आणि खाली फक्त मोठे वॉशर होते. कारखान्याचा माणूस म्हणाला की आजवर पन्नास गाड्या अशाच गेल्या. तपासनिसाने त्यावर काहीच उत्तर दिले नाही आणि नापसंतीच्या कागदावर एक ओळ लिहिली. त्या बाकावर माझी मुले बसणार होती. तोपर्यंत मी तपासनिसाला खडूस समजत होतो. गाडीखाली वाकून ते दोन वॉशर मी स्वतः पाहिले तेव्हा मत बदलले. पुढे आमच्याच मूळ गाडीसाठी चाचणी झालेली जमिनीची पट्टी आणि तिच्यासह मिळणारी आधारचौकट मागवावी लागली. त्यात दोन महिने गेले आणि १९ किलो वाढले. ते भरून काढण्यासाठी मागचा एक जड खण काढला.

येथे एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाडी उभी असताना बसायच्या जागा, उदाहरणार्थ आमची बाजूकडे तोंड असलेली बैठक, मोजणीत धरल्या जात नाहीत, पण चालत्या गाडीत येथे बसू नये अशी चित्रखूण तेथे कायमची लावावी लागते. कारखान्याने ती आठवणीने लावली होती. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा मात्र नेमका त्याच बैठकीवर पट्ट्याशिवाय बसून एक फेरी मारायचा हट्ट धरतो.

गॅस आणि वीज या दोन विभागांत कारखाना खरोखरच उत्तम निघाला. सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी, कप्प्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या किमान दोन टक्के व कोणत्याही स्थितीत १०० चौरस सेंटिमीटरहून कमी नाही, हे ईएन १९४९ या युरोपीय मानकाचे मोजमाप त्यांनी फूटपट्टी लावून दाखवले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा तळाशी साचतो, म्हणून भोक वर ठेवून उपयोग नसतो. गळतीची चाचणी आमच्यासमोर झाली. नेहमीचा दाब ३० मिलिबार. चाचणी त्याच्या पाचपट, १५० मिलिबारवर. पंप मारून झडप बंद केली, पाच मिनिटे सगळे दाबमापकाच्या काट्याकडे पाहत उभे राहिलो आणि काटा हलला नाही. जर्मनीत ही गॅस तपासणी दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते आणि तिची पुस्तिका गाडीत ठेवतात. नियम नसला तरी ही सवय कोणीही उचलावी. बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचे वीजगळती-संरक्षण, चासीला जोडलेली अर्थिंग, प्रत्येक बॅटरीच्या जवळच फ्यूज आणि बॅटरीच्या व २३० व्होल्टच्या वायरी वेगवेगळ्या नळ्यांतून, हे सगळे आकृतीसह फायलीत होते. वायरमनने प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची कडी घातली होती. दहापैकी नऊ गुण, आणि दहावा गुण त्याने आकृतीवर तारीख घातली नाही म्हणून कापला.

खिडक्या, डिझेलचा हीटर आणि धुराचे व कार्बन मोनॉक्साइडचे इशारायंत्र यांत अडचण आली नाही. युरोपीय पद्धतीत खिडक्या, हीटर अशा सुट्या भागांवर गोलातील ई हे अक्षर आणि देशाचा क्रमांक असलेले चिन्ह असते, आणि तपासनीस वस्तू पाहत नाही, चिन्ह पाहतो. आमच्या एका खिडकीचे चिन्ह सीलंटखाली दडले होते. कारखान्याच्या मुलाने नखाने सीलंट खरवडून ते उघडे केले आणि अर्ध्या मिनिटात खिडकी ‘मान्य’ झाली. एकूण प्रक्रियेत मला निखळ हसू आले असा हा एकमेव क्षण.

नोंदणीच्या टेबलावर प्रत्यक्ष काम फार थोडे असते. मूळ उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र, एकट्या वाहनाच्या मान्यतेचा दाखला, वजनचिठ्ठी, बाहेरून व आतून काढलेली छायाचित्रे, गॅस व विजेचे दाखले आणि विमा, एवढे एका क्रमाने दिले की कारकून वीस मिनिटांत मोकळा होतो. गाडीवर मूळ पाटीच्या शेजारी दुसरी पाटी येते. तीवर बांधणी करणाऱ्याचे नाव, टप्पा, चासी क्रमांक आणि वजनाच्या मर्यादा असतात. आमच्या पाटीवर चासी क्रमांकातील एक अंक चुकला होता. पाटी कोरणाऱ्याने आठाऐवजी तीन कोरला आणि तो कारखान्यात तिघांच्या नजरेतून निसटला. त्यासाठी आणखी नऊ दिवस. विम्याबद्दल एक सूचना: बांधणी चालू असताना गाडी कागदावर मालवाहू व्हॅनच असते, त्यामुळे त्या काळातील विमा आत बसवलेल्या सामानाला लागू आहे की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आमच्या कारखान्याने याबद्दल विचारल्याशिवाय चकार शब्द काढला नाही.

इतरत्र बांधून घेणाऱ्यांना याच प्रश्नांची उत्तरे वेगळ्या नावांनी मिळतील. अमेरिकेत बांधणी करणाऱ्याला अंतिम टप्प्याचा उत्पादक मानले जाते आणि माणसे व सामान मिळून किती वजन चढवता येईल, पाण्याची भरलेली टाकी त्यातले किती खाते, हे सांगणारी चिठ्ठी दाराजवळ लावावी लागते. माझ्या मते ही चिठ्ठी जगभर सक्तीची व्हावी. न्यूझीलंडमध्ये नोंदणीखेरीज स्वयंपूर्णतेचा वेगळा दाखला आहे. २०२३ च्या कायद्यापासून त्यासाठी शौचालय पक्के बसवलेले असावे लागते आणि पलंग पूर्ण उघडलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. पाणी माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे. पलंगाखाली सरकवायचे सुटे शौचालय घेऊन तेथे मोकळ्या जागी मुक्कामाचा हक्क सांगता येत नाही. भारतात मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच ठामपणे सांगितले. म्हणून आधी बांधायचे आणि मग पासिंगचे बघू, ही पद्धत तेथे विशेष महागात पडते.

या कारखान्याकडे मी पुन्हा जाईन का? जाईन, पण करार मी लिहीन. त्यात आराखडा नमुन्याच्या आत आहे की बाहेर, हे पहिल्या पानावर असेल. वजनाचा तक्ता प्रत्येक आसासाठी वेगळा असेल आणि फळीची जाडी बदलली तरी तो पुन्हा सहीला येईल. बाकाचा चाचणी अहवाल बाक खरेदी करण्याआधी माझ्या हातात असेल आणि त्यातील मूळ गाडीचे नाव मी स्वतः वाचलेले असेल. पाणी आणि इंधन भरून कारखान्याच्या खर्चाने एकदा काट्यावर जायचे, तेही कपाटांची दारे लागण्यापूर्वी. शेवटचा हप्ता नोंदणी प्रमाणपत्र हातात पडल्यावर. हे एक कलम आमच्या मूळ करारातही होते आणि मला वाटते, पाटीवरचा चुकलेला अंक नऊच दिवसांत दुरुस्त झाला तो त्याच्याच धाकाने. गुण द्यायचेच झाले तर गॅस आणि विजेला नऊ, आराखड्याच्या सल्ल्याला आठ, वजनाला तीन, बाकाला दोन आणि बांधणी चालू असताना गिऱ्हाइकाला माहिती कळवण्याला चार.

ऑनिंग अजून बसवलेले नाही. त्याचे वजन २८ किलो आहे आणि ते लावायच्या जागेवरून त्यातले २१ किलो मागच्या आसावर येतात. काट्याच्या चिठ्ठीप्रमाणे तेथे शिल्लक आहेत २०. कारखाना फोनवर सांगतो की काही होत नाही, बिनधास्त बसवा. हे वाक्य लेखी द्या, असे मी तीन वेळा कळवले आहे.